भुऱ्याला बसायला मीच शिकवलं होतं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आंबागडचे सरपंच माननीय वासुदेवराव, प्रमुख पाहुणे शिक्षण विस्तार अधिकारी कृष्णराव साहेब, व्यासपीठावरील माझे सहकारी, आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माता-भगिनी, पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनीही सांगितलं, ललिताबाईंनी सहा वर्षांत या शाळेतली वांड पोरं सुतासारखी सरळ केली. ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बदलीचा हुकूम हातात पडला आहे, आता खरं सांगायला हरकत नाही. मी शिकवलेला पहिला विद्यार्थी उत्तम शिकला, आणि त्यापायी आमच्या घरावर आफत आली. तो हेला होता. साहेब नगरकडचे, म्हणून सांगते. आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात आणि धानाच्या चिखलात त्यालाच जुंपतात.

मी एकोडीची. एकाहत्तर साली नऊ वर्षांची होते. उन्हाळाभर आमच्या हेल्याला, भुऱ्याला चारायचं काम माझ्याकडे. मला आंब्याखाली गोट्या खेळायच्या असत आणि हा आपला पुढे पुढे चालतच राही. मग मी युक्ती काढली. तो खाली बसला, की त्याच्या तोंडात मूठभर वाळलेली मोहफुलं. आईच्या मडक्यातली, अर्थात न विचारता. महिन्याभरात गडी असा तयार झाला, की मला पाहताच बसायचा. पुढे मी नसले तरी मोहफुलांची आठवण झाली, की बसायचा. माझं काय जात होतं?

मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी आली. माझे वडील देवाजी यांनी वीस बाया सांगितल्या होत्या. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधावर उन्हात पडलेल्या. नांगराचे दोन फेरे झाले आणि भुऱ्या भर चिखलात बसला. जोडीतला दुसरा बिचारा मान वाकडी करून उभा. बाबांनी शेपूट पिळलं, शिव्या दिल्या, मग हात जोडले. आईनं मिरच्या ओवाळल्या. भुऱ्या डोळे मिटून रवंथ करत होता.

ढोरांचा व्यापारी धनीराम बांधावरून जात होता. म्हणाला, "गुडघे गेले याचे, देवाजी. सांजच्याले दोर घेऊन येतो, देऊन टाक मले."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं.

मी शिदोरी घेऊन तिथेच उभी. बोलावं तर मार, न बोलावं तर भुऱ्या जातो. त्याचा काय दोष हो? शिकवलं तेवढंच करत होता. मला रडूच कोसळलं.

"बाबा, त्याचे गुडघे चांगले आहेत. मीच शिकवलं त्याले बसाले. मोहफुलं देऊन."

वीस बायांनी कंबर सरळ करून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी नांगराची मूठ सोडली. मग म्हणाले, "मंग आता उठव त्याले."

आली का पंचाईत? उठायला मी शिकवलंच नव्हतं!

आईनं अख्खं मडकं आणून माझ्या ओच्यात रिकामं केलं. एक मोहफूल नाकासमोर धरलं, तर यानं नुसती मान लांब केली. दोन पावलं मागे सरले, तेव्हा कुठे उठला. मग मी पुढे, उलटी चालत, आणि मागे भुऱ्या, दुसरा हेला, नांगर, बाबा. रोवणाऱ्या बायांतल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई ओरडल्या, "देवाजी, नांगराले हेला जुपला का पोट्टी?" मी पडले की मोहफुलं सांडायची, आणि ती वेचून खायला तो पुन्हा बसायचा. सहा वेळा पडले. पण दिवस बुडायच्या आत बांधी, म्हणजे ते धानाचं खाचर, चिखलून झालं.

तेवढ्यात धनीराम दोर घेऊन आला. बाबांनी आधी भुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे फक्त डोळेच तेवढे चिखलाबाहेर होते.

"हेला नाई विकत, धनीराम," बाबा म्हणाले. "पोट्टी पाह्यजे तं घेऊन जा."

धनीरामनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. दोर खांद्यावर टाकला आणि गुपचूप घरी निघून गेला.

मला कुणी घेईना, तेव्हा आंबागडनं सहा वर्षं सांभाळलं. त्याबद्दल अध्यक्ष महाराज, पाहुणे आणि आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुठे अधिक-उणं झालं असेल, कुणाच्या लेकराला माझी छडी जरा जोरात लागली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. एवढं बोलून मी आपली रजा घेते.