कमानीचे बांबू

कमेटीचा पैसा जातो कुठं, असं विचारताय ना, मग ऐका. माझे सासरे, म्हणजे मामाजी, नगरपालिकेच्या कमेटीत आमच्या वार्डाचे मेंबर. मी नवीच होते तेव्हा शेजारची भागाबाई दारात येऊन म्हणाली, "मालक, विहिरीले कठडा बांधा. पाय घसरून राहिला."

"यंदाचा पैसा कमानीले गेला, बाई. साहेब येऊन राहिले."

"साहेब पाणी भरतेत का आमच्या विहिरीवर?"

मी पदराआड हसले. साहेब आले, कमानीखालून निघून गेले. चौथ्या दिवशी भागाबाई घागरीसकट विहिरीत गेली.

तिरडीला बांबू मिळेना. बाजारातला सगळा कमानीत गेलेला. मामाजी खाली बघत म्हणाले, "कमानीचेच घ्या."

लोकांनी विचारलं, "बांबूंवरच्या झेंडूच्या माळा सोडायच्या का?"

"कायले? राहू द्या."