पल्लवीचा हात आणि बेस गिटार

दोष हाताचा नाही असं मी ओरडून सांगत होते, पण माझं कुणाला खरं वाटेल तर शपथ. पल्लवी म्हणजे आमच्या पुतण्याची नवी बायको, भोरची. लग्नाआधी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची. पासली गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात तिनं वाजवायचं ठरलं, अन् तालमीत तिची बोटंच जाड तारेपर्यंत पोचेनात.

ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "वहिनी, हात लई बारका हाय तुमचा. मी दुसरा माणूस बघतो."

पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, "का रं, लग्नाआधी हिचा हात मोठा हुता व्हय?"

तिचं डावं मनगट धरून पाहिलं, तर लग्नाचा हिरवा चुडा गच्च बसलेला. मनगट वळेना, तर बोटं लांबणार कशी?

थोरल्या जाऊबाई, म्हणजे तिची सासू, आडव्या आल्या. "नव्या नवरीचा हात रिकामा करायचा न्हाई."

"रिकामा कशाला? एक ठेवते की."

साबण लावून बाकीच्या बांगड्या उतरवल्या. मग पोरीनं गिटार घेतली. बोट पुरत नव्हतं तिथं ती अख्खा हातच सरकवून न्यायची, अन् एक सूर चुकेल तर शपथ. त्या जाड तारेच्या आवाजानं माझ्या छातीत धमधम वाजत होतं. ऑर्केस्ट्रावाला गुमान म्हणाला, "वहिनीच वाजवतील."

मी जाऊबाईंना विचारलं, "एवढ्या आवळ बांगड्या भराय कासाराला सांगितलं कुणी?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "सैल बांगडी बरी दिसत न्हाई म्हणून हटून बसला हुता, तिचाच नवरा. आमचा संदीप."