हिरवी बर, लाल बर

माहा बाप सुतार, संग्रामपूरकडचा. त्याच्या पेटीत तीन कानशी होत्या, अन् कोन्ती कधी घ्याची हे मले शाळेत जायच्या आधीपासून समजे, म्हणून काय सांगू तुम्हाले, शेगावच्या दाताच्या दवाखान्यात कवळ्या घासाच्या कामाले लागली तं मले नवल नाई वाटलं. कानशीच्या जागी फक्त बर आली. बर म्हणजे मशीनले लावाची घासणी, खिळ्याएवढी, मानेले रंगाचा पट्टा. हिरवा म्हणजे खरखरीत, लाल म्हणजे बारीक. डॉक्टर साहेबाच्या भिंतीवर पाच सर्टिफिकिटं हायेत, काचेतली, पण पट्टा मलेच इचारतात, लताबाई, कोन्ता लावू?

अन् तरी चूक माह्याच हातून झाली.

गयाबाई म्हणून म्हातारी होती, खालची कवळी टोचते म्हणे. म्हटलं आजी, कुठं, बोट ठेवा. तिनं ठेवलं, मी हिरवी लावून तिथंच घासली. आठ दिवसांनी परत आली. परत बोट, परत हिरवी. तिसऱ्या खेपेले कड इतकी उतरली होती का कवळी तोंडात हलून राह्यली होती, अन् टोचणं तसंच. नातीचं लगन परवावर. आजी म्हणे, पोरी, पंगतीत बसून गव्हाची कडक बट्टी खाईन म्हटलं होतं, आता पदराआड भात गिळू का?

डॉक्टर म्हणे अजून घास. म्हटलं साहेब, घासाले राह्यलं काय? मंग बाप आठवला. दार अडलं का तो चौकटीले खडू लावे, दार लावून पाहे, अन् दारावर खडू उमटे तेवढंच रंधे. माह्या पर्समधी लिपस्टिक होती. म्हटलं साहेब, हिरडी सुजली तिथं कापसानं हे लावा. ते म्हणे, दवाखाना हाये का पार्लर? पण लावलं. कवळी बसवून काढली तं आतून ठप्पा, ज्वारीच्या दाण्याएवढा, अन् आजी बोट ठेवे तिथून चांगला एका बोटाच्या रुंदीएवढा मागं. लाल पट्ट्याची बर दोनदा टेकवली, बस.

आजीनं डब्यातली भाकर काढून तिथंच चावली. टोचत नाई वो माय, म्हणे, पण हलते. म्हटलं हलते ते माह्यामुळं आजी, लगन होऊ द्या, नवीन बनवून देते. लग्नात जिभेनं धरून धरून अख्खी बट्टी खाल्ली म्हणे तिनं.

आता डॉक्टर साहेब आल्यागेल्याले सांगतात, आमची खास पद्धत हाये ही. सांगोत बिचारे. नवी कवळी घ्याले आली तवा आजीनं माह्या गालाले हात लावला, म्हातारपणी तुले सोताचेच दात राहोत म्हणे. मी हो म्हटलं. त्याच गालात दाढ ठणकून राह्यली होती, पण आशीर्वाद देणाऱ्या माणसाले काय सांगाचं.