फोर्डचं हँडल

(कवठे येमाई. बापूसाहेबांच्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या आहेत: लढाईच्या आधीची फोर्ड आणि गेल्या दिवाळीला घेतलेली अँबॅसेडर. दौंडचा मिस्त्री नबीलाल फोर्ड न्यायला आला आहे.)

बापूसाहेब: न्यायची तर ने, पण खटारा म्हणू नगंस. कवठ्यात पहिली मोटार हीच.

नबीलाल: चुकलं आबा. पण अँबॅसेडर दारात आल्यावर हिच्याकडं बघतंय कोण? तिची चावी फिरवली की काम झालं.

बापूसाहेब: गुणाची हाय ती. काचा लागत्यात, पाणी गळत न्हाई. शिरूरला जाऊन आलं तरी धोतरावर धूळ न्हाई.

नबीलाल: मग तोंड का पाडलंय?

बापूसाहेब: एकटाच जातो, एकटाच येतो. तिला दुसरं माणूस लागतच न्हाई.

नबीलाल: बरंच की. हिला दोघं लागायची. एक पुढं वाकून हँडल मारायला, एक आत पायानं रेस द्यायला.

बापूसाहेब: हिचा सेल्फ-स्टार्टर गेला तवापासनं आत पुतळाबाई बसायची. बायको इष्टेरिंगवर बसलीय म्हणून गाव हसलं. गाडी चालू झाली की पदर सावरून शेजारी सरकायची.

नबीलाल: बघितलंय मी. काकी होत्या तवा आतनं हाका मारायच्या आन् तुम्ही चिडायचा.

बापूसाहेब: चिडंन न्हाई तर काय? मी वाकलो की हिचं सुरू, 'अहो, हाय का तिथं?' दर खेपेला. मी म्हणायचो, हँडल सोडून जातोय कुठं? गप बस.

नबीलाल: सेल्फ अजून बंदच हाय, हँडलच मारावं लागंल. तुम्ही बसा आत.

बापूसाहेब: मी? हँडल मारताना मी हितं कवाच बसलो न्हाई.

नबीलाल: आज बसा. पाय हलका ठेवा. हे बघा, वाकलो मी.

बापूसाहेब: नबीलाल?

नबीलाल: जी.

बापूसाहेब: तू दिसत न्हाईस रं.

नबीलाल: कसा दिसंन? पुढचा रेडिएटर केवढा उंच हाय. वाकलेला माणूस आतनं दिसतच न्हाई.

बापूसाहेब: मला वाटायचं, तिला माझा भरवसा न्हाई.

नबीलाल: मारू का हँडल?

बापूसाहेब: मार.

नबीलाल: झाली बघा, एका दमात. सरका आता शेजारी... आरं, बंद का पडली?

बापूसाहेब: मीच केली.

नबीलाल: आबा, दिवस बुडायच्या आत दौंड गाठायचंय मला.

बापूसाहेब: गाठशील. नवी गाडी चालू करताना सारं कसं गप असतं, नबीलाल. कुणाला काय इचारायचं नसतं, कुणाचं काय ऐकायचं नसतं. जा पुढं. वाक परत एकदा.

नबीलाल: वाकलो.

बापूसाहेब: हाय का रं तिथं?

नबीलाल: हाय, आबा. हितंच हाय.