फौजदाराला मनाई हुकूम

अहो, पोळ्याला लोक शिंगं रंगवतात, मी शेजारच्या आबांचा अख्खा बैलच निळा केला. आबांनी थेट फौजदारी ठोकली. पूर्वी बांधाच्या भांडणात यावलच्या कोर्टानं मला आबांविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. म्हटलं, तसाच फौजदाराविरुद्ध काढू, खटलाच थांबेल!

वकील हसले. “भाऊ, फौजदारी खटल्याला मनाई मिळत नाही.”

“का हो?”

“चोर आधी हुकूम काढतील, मग चोरी करतील! आबांशी तडजोड करा.”

आबांची अट एकच, “बैल तुलेच धुवना पडी.”

धुताना बैलानं माझ्या कंबरेत अशी लाथ घातली की आबाच घाबरले. “आते मना बैलवर खटला भरू नको, भो!”

म्हटलं, “भरणार! अन् मनाई मिळत नाही, वकिलाला विचारून आलोय.”