देवतलावाच्या फाटकाला कुलूप नाही

समारंभाचे अध्यक्ष माननीय गायधने साहेब, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले उपअभियंता आदरणीय रुपरावजी भोयर साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वंदनावहिनी, मौद्याहून खास आलेली भोयर मंडळी आणि सभागृहातील बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी हर्षा नंदनवार. शाळेत गणित शिकवते आणि रविवारी सकाळी देवतलावात नाव वल्हवते. आम्ही चौदा जण आहोत. कुणी मिहानच्या कंपन्यांमध्ये नोकरीला, कुणी दवाखान्यात. शर्यत नाही, बक्षीस नाही. तासभर पाण्यावर काढला की आठवडा बरा जातो, एवढंच. मग सरकारी अधिकाऱ्याच्या निरोपाला या नाववाल्या बाईचं काय काम, असं आपल्याला वाटलं असेल. खरं सांगते, साहेबांशी माझी ओळख भांडणातून झाली.

चार वर्षांपूर्वी तलावाचं सुशोभीकरण झालं. फरशी, दिवे, बाकं, सगळं देखणं. पण काठाभोवती छातीइतका उंच लोखंडी कठडा उभा राहिला आणि जुन्या पायऱ्या बंद झाल्या. नाव चालवायची परवानगी होती. पाण्यापर्यंत पोहोचायची वाट नव्हती. आम्ही नावा कठड्यावरून उचलून पलीकडे देऊ लागलो, आणि पाठोपाठ माणसंही.

आमच्यात सगळ्यात मोठे धोंडबाकाका पराते. उमरेडला चाळीस वर्षं हातमागावर बसले, मग मुलाकडे नागपूरला आले आणि अडुसष्टाव्या वर्षी वल्हं हातात घेतलं. कठडा ओलांडताना ते पडले. उजवं मनगट मोडलं.

तलावाचं काम भोयर साहेबांकडे होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी. "पाण्यात उतरायले जागा काहून नाही ठेवली?"

साहेबांनी नकाशा पसरला, बराच वेळ पाहिला. "मॅडम, कोणी मागितलीच नाही नं."

मी संतापून निघाले. पण निघताना त्यांनी काकांचा पत्ता मागितला होता. त्याच संध्याकाळी ते काकांच्या घरी जाऊन आले, हे मला मागाहून कळलं. काकांनी तक्रार केली नाही. फक्त म्हणाले, "एकडाव नावेत बसून पाहा जी साहेब."

हात बरा झाल्यावर एका रविवारी साहेब खरंच आले. ऑफिसच्या पँटीत कठडा चढले, लाइफ जॅकेट घातलं आणि काकांच्या नावेत बसले. मी दुसऱ्या नावेत होते. तलावाच्या मध्यावर वारा सुटला आणि दोन्ही नावा पलीकडच्या काठाच्या उंच भिंतीकडे ढकलल्या गेल्या. काकांच्या हातात जोर उरला नव्हता. साहेबांनी वर हात करून कठडा पकडला, अंग वर खेचायचा प्रयत्न केला, दोनदा. जमलं नाही. पंपघराच्या मागे कठड्यात जेमतेम एक माणूस निघेल एवढी फट होती, तिथवर भिंतीला धरून सरकत जायला आम्हाला पाऊण तास लागला. साहेब कमरेपर्यंत भिजले होते.

काठावर बसल्यावर काका सावकाश म्हणाले, "साहेब, काम तं मजबूत केलं जी तुमी. आतून माणसाले निघता नाई येत."

सोमवारी साहेबांनी वरिष्ठांना टिपणी लिहिली. त्यात एक वाक्य होतं: "पाण्यात उतरण्याची व बाहेर पडण्याची जागा न ठेवणे ही आराखड्यातील चूक असून ती माझी आहे."

या सभागृहात नोकरदार पुष्कळ आहेत. हे वाक्य लिहायला काय लागतं, ते मी आपल्याला सांगायला हवं का? त्या आराखड्यावर पाच सह्या होत्या. साहेबांनी फक्त आपली सांगितली. त्यांना ताकीदपत्र मिळालं, बढती अडली. चौदा महिने फाईल फिरली, आणि साहेब तिच्या मागे फिरले.

शेवटी बारा फूट रुंद उतार झाला, भिंतीला सात ठिकाणी शिड्या बसल्या. उताराच्या तोंडाशी फाटक बसलं आणि त्याला कुलूप लावायचं ठरत होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, "उद्या कुणी बुडालं तर?" साहेब म्हणाले, "बुडणाऱ्यालेच बाहेर निघायले फाटक लागते." कुलूप आलं नाही.

उतार खुला झाला त्या सकाळी धोंडबाकाका साहेबांचा हात धरून पाण्यापर्यंत चालत गेले. आता रविवारी तिथे अनोळखी माणसंही नाव घेऊन येतात. हा उतार कुणी केला, हे त्यांना माहीत नसतं.

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे आणि ऐकून घेतल्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं. एक क्षमा मात्र नाव घेऊन मागायची आहे. परवा साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, स्टेजवर त्या टिपणीचं आणि ताकीदपत्राचं काढू नका. चूक होती, लिहिली. झालं." मी हो म्हटलं होतं. तो शब्द मी आत्ता, साहेबांच्या वरिष्ठांसमोर मोडला आहे. साहेब, मला माफ करा. ताकीदपत्र तुमच्या सेवापुस्तकात राहणारच आहे. ते कशासाठी मिळालं, हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाही; वहिनींना ते आज पहिल्यांदा कळलं.