दोरीपलीकडे बसलेला एवारिस्त

— कालवंवाल्या फर्नांचा नातू? मग दारात उभं राहून 'राज्य वन्यजीव खात्याकडून आलोय, मॅडम' कशाला म्हणायचं? बाळा, या खाडीवर खात्याकडून कुणी येत नाही, कुणाचा तरी नातू म्हणूनच येतो. बस. आणि तो शर्टावरचा बिल्ला खिशात घाल, कुत्री भुंकत राहील — तिला बिल्ल्याचा राग आहे, मी शिकवलेलं नाही. कॉफी घे. आमच्याकडे अशीच कडू असते, तोंड वाकडं करू नकोस, तुझा आजा याच टेबलाशी पेल्यावर पेले रिचवायचा आणि मग माझ्या बापाशी भांडायचा. मी खेकडे सोलता सोलता बोलते, चालेल ना? हात रिकामे राहिले की माझी जीभ सुटते.

होडीसाठी आलायस. ठाऊक आहे. तुमच्या त्या वारसा केंद्रातली जुनी पिरोग, अख्ख्या झाडातून कोरलेली — एवारिस्तनं नेली आणि शनिवारी गव्हर्नर यायचेत फीत कापायला. म्हणजे तुम्हाला होडी हवी. एवारिस्त? — हो हो, तोही हवा, पण आधी होडीचं विचारलंस तू, दारातच विचारलंस. मी काही म्हणत नाही. प्रत्येकाला आपापली नोकरी असते.

एवारिस्त माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. क्लेलीचा. आमच्या बापाला आम्ही दोघी मुलीच, आणि बाप म्हणजे ओझेमे — नाव ऐकलं असशील, तुमच्या त्या पाटीवर आहे. 'एवारिस्तनं ही कला सासरे ओझेमे यांच्याकडून आत्मसात केली.' वाचली मी ती पाटी. अक्षर सुरेख आहे. आता ऐक, फर्नांचा नातू म्हणून सांगते. एवारिस्त लग्न होऊन या घरात आला तेव्हा त्याला सापळा पाण्यात किती खोल ठेवायचा तेसुद्धा कळत नव्हतं. शहरातला सुतार तो. न्यूट्रिया कुठून जाते — ती पिवळ्या दातांची मोठी घूस रे — ती ज्या वाटेनं जाते तिथं कापलेलं गवत तरंगत असतं, ताजं हिरवं, ते बघायचं असतं. हा बघायचा आभाळाकडे. मी दाखवलं त्याला. बापाबरोबर मी परकरात असल्यापासून सापळे लावत आले, बापाचे गुडघे गेल्यावर तर अख्खी दलदल एकटी फिरायचे, थंडीत बोटं फुटून रक्त यायचं. शिकवलं त्याला मी. कंबरभर चिखलात उभं राहून शिकवलं. आणि करार नवा करायची वेळ आली — ती दलदल कंपनीच्या मालकीची, सापळे लावायचा करार एकाच्या नावे व्हायचा — तेव्हा बापानं मला गाडीतच बसवून ठेवलं आणि त्याला आत नेलं. बाहेर आले तर दोघं हसत होते. बाप म्हणाला, "तिथं बाईचं नाव घेत नाहीत गं." विचारलं होतं का? नाही विचारलं. आणि एवारिस्त मागं वळून काय म्हणाला? "ताई, तू कातडी सोलत जा. तुझा हात हलका आहे."

हलका. मग सोलली. किती हिवाळे सोलली. कोपरापर्यंत चरबी, केसांना वास, चर्चमध्ये बायका माझ्या बाकावर बसायच्या नाहीत. लग्न? — नाही केलं. कोण करणार होतं, त्या वासाशी? आणि क्लेलीचे हात बघायला हवे होतेस, लोण्यासारखे. तिनं कधी सुरी धरली नाही. माझा जीव होता तिच्यावर. तसा चेहरा करू नकोस. जीव होताच.

नाही, मी भरकटत नाहीये, होडीवरच येतेय.

क्लेलीला पोटाचा आजार झाला, शेवटचा. डॉक्टरांनी घरी पाठवली. वसंताचे दिवस होते. काही खाईना, पाणीसुद्धा बाहेर यायचं. आणि एक दिवस म्हणाली, "ताई, मगरीच्या शेपटीचा तिखट रस्सा खावासा वाटतो." आता मगरीचा हंगाम सप्टेंबरात, तुला मी काय सांगावं, तुमचाच नियम. प्रत्येक मगरीच्या शेपटीला सरकारी टॅग लागतो, तो टॅगही तेव्हाच मिळतो. साठवलेलं मांस वादळात वीज गेली तेव्हा सडून गेलं होतं. एवारिस्त उजाडता उजाडता बंदूक घेऊन गेला आणि ताडपत्रीखाली एक लहानशी मगर घेऊन आला. माझ्यासमोर परात ठेवली. म्हणाला, "ताई, तूच कर. तुझ्याच हातचं जाईल तिला." डोळे भरलेले होते त्याचे. नियमानं वागणारा माणूस, उभ्या जन्मात हंगामाबाहेर एक बदक मारलं नसेल त्यानं.

मी केला. पीठ तेलात तपकिरी होईस्तोवर भाजलं, कांदा, मिरची, टोमॅटो, मंद आचेवर ठेवला. क्लेलीनं दोन चमचे खाल्ले. खाल्ले आणि पोटात राहिले. हसली ती. एवारिस्त ते बघून बाहेर धक्क्यावर जाऊन बसला, रडायला. आणि मग कोणीतरी तुमच्या खात्याला फोन केला. कोणी ते तुम्ही सांगत नाही ना? चांगला नियम आहे. तुमच्याकडच्या त्या बाई फोनवर फार नीट बोलतात, शांतपणे, 'मांस अजून घरात आहे का, मॅडम?' दोनदा विचारलं त्यांनी — म्हणजे असंच विचारत असतील. मला काय ठाऊक. मी आपली रस्सा ढवळत होते.

आले संध्याकाळी. तुझ्यासारखेच, बिल्लेवाले, तरणेताठे. टोप्या काढल्या दारात, शिस्त होती. भांडं उचललं पुरावा म्हणून, झाकणासकट. पळीसुद्धा नेली. परत आली नाही ती पळी, माझ्या आईची होती, जरा शोध कुठे पडली असेल तर. क्लेली जागी होती आत. पावलं ऐकली तिनं. मला हाक मारून म्हणाली, "ताई, पाहुणे आलेत का? त्यांनाही वाढ."

… कॉफी गार होतेय तुझी.

गेली ती त्याच आठवड्यात. एवारिस्तचा परवाना गेला, टॅग गेले, बंदूक, बोट, सगळं. कोर्टात बायको मरत होती एवढंसुद्धा त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, मारली. कंपनीनं करार मोडला, शिक्षा झालेल्या माणसाला ते ठेवत नाहीत. मी गेले होते तेव्हा त्यांच्या ऑफिसात. चांगला निळा फ्रॉक घातला, नखं घासून घासून धुतली. म्हटलं, आता तरी नाव घ्या माझं, ही दलदल माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. साहेब उठून उभा राहिला, खुर्ची दिली — आणि ह्यूस्टनच्या डॉक्टरांना दिला करार. बदकं मारायला येतात ते, वर्षातून दोन शनिवार-रविवार. बदक पडलं की कुत्र्याला पाठवतात, स्वतः बोट ओलं करत नाहीत. म्हणजे बघ, त्याचंही गेलं आणि मलाही नाही. उगाचच झालं सगळं. — काय उगाच? काही नाही. बोलण्याच्या भरात आलं.

मग आलं तुमचं ते मतदान. शिकार, मासेमारी, सापळे हा आमचा हक्क, आमचा वारसा, राज्यघटनेत लिहून ठेवायचा. मीही जाऊन 'हो' म्हणून आले, अंगठ्याएवढा झेंडा दिला होता कुणीतरी. आणि वारसा लिहिला की तो दाखवायला माणूस लागतो, नाही का? तर एक बाई आल्या तुमच्याकडून, वही घेऊन, म्हणाल्या, खरा जुना सापळेवाला कोणी आहे का, हायवेला केंद्र बांधतोय. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, समोर बसलीये. पण त्यांनी मला विचारलंच नाही तसं, त्या म्हणाल्या, 'तुमच्या घरातला कोणी पुरुष?' मी म्हटलं, आहे की. एवारिस्त आहे. रिकामाच बसलाय.

आणि मग काय सांगू तुला, काय मजा. त्याला धुतलेली, इस्त्री केलेली चिखलपँट घातली. खोपटं बांधून दिलं, नव्या लाकडाचं, त्याला जुना रंग मारून. प्लॅस्टरची मगर, काचेचे डोळे. सापळ्याच्या दातांना रबर लावलं. पोरं येतात म्हणून सुरी द्यायची नाही, तर लाकडाची सुरी करून दिली — त्यालाच करायला लावली, सुतार ना तो! — आणि त्या लाकडाच्या सुरीनं तो शिवलेली खोटी न्यूट्रिया दिवसभर सोलायचा. पुढे जाड दोरी, तिच्या पलीकडे हा. ज्या खात्यानं त्याला दलदलीत पाय ठेवायला बंदी केली, त्याच खात्याच्या पगारावर. मी दर रविवारी जायचे. चर्च सुटलं की थेट. चुलतभावंडांना, त्यांच्या सुनांना घेऊन जायचे. पहिल्या रांगेत उभी राहायचे आणि हात वर करायचे, शाळेतल्यासारखा. "साहेब, सापळा लावायला तुम्हाला कोणी शिकवलं हो?" बाजूला त्याची ती सुपरवायझर उभी, हसरी. तो म्हणायचा, "सासऱ्यांनी." मी म्हणायचे, "धन्यवाद, साहेब." पुढच्या रविवारी पुन्हा. माझ्याकडे बघायचा नाही. मान खाली आणि ती खोटी घूस सोलत राहायचा. एकदा एका पोरानं मक्याची लाही फेकली त्याच्यावर, ती त्याच्या दाढीत अडकून राहिली बराच वेळ. मी सांगितलं नाही.

हसू येत नाही तुला? शहरात वाढलायस.

मग त्या शेवटच्या रविवारी मी विचारलं नेहमीसारखं, आणि त्यानं मान वर केली. म्हणाला, "एका बाईनं शिकवलं. तिचं नाव ओडील. या सगळ्या पाण्यात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि मी तिला कातडी सोलायला बसवलं. ती ही, समोर उभी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाळा. एका बाईनं माझा फोटो काढला. तुमची सुपरवायझर म्हणाली, अय्या, किती छान, पाटी बदलायला हवी. मी तिथं उभी. या एका वाक्यासाठी मी म्हातारी झाले. आणि ते आलं कुठून? प्लॅस्टरच्या मगरीशेजारून, रबर लावलेल्या सापळ्यामागून. बापानं ऐकलं नाही, कंपनीनं ऐकलं नाही, ऐकलं कोणी — तर आइस्क्रीम खाणाऱ्यांनी. मला इतका राग आला. तू म्हणशील आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी पुन्हा हात वर केला.

"साहेब, तुमच्या बायकोनं शेवटचं काय खाल्लं हो?"

 तो म्हणाला, "मगरीचा रस्सा." मी विचारलं, "कसा झाला होता?" तर म्हणाला, "मला चाखायला मिळाला नाही, ताई. भांडं नेलं ना." अगदी मऊ आवाजात. तेव्हा मी म्हटलं, "मीठ कमी पडलं होतं. मी फोनवर होते, त्यात राहून गेलं."

आता ऐकलंस तर ऐकलंस. लिहू नकोस. काय लिहिणार? गुन्हा त्यानं केला, मी नागरिकाचं कर्तव्य केलं, तुमच्याच भिंतीवर लावलेलं असतं.

त्यानं लाकडाची सुरी पँटवर पुसली, दोन्ही बाजूंनी. तिला काय लागलं होतं पुसायला? पुसली, खाली ठेवली, उठला आणि दोरीखालून वाकून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी होडी नव्हती.

कुठे गेला? अरे, कुठे जाणार, दलदलीतल्या बापाच्या खोपटावर. खऱ्या. माझ्या मागच्या ओसरीवरून दिसतं, त्या वाळक्या झाडांच्या उजवीकडे. सुरुवातीला सकाळी धूर दिसायचा. मी कॉफी घेऊन बसायचे बघत. मग उत्तरेचा वारा सुटला. तो सुटला की खाडीतलं पाणी समुद्राकडे ओढलं जातं, नुसता चिखल उरतो, होडी काठीनंही हलत नाही आणि चालत निघालं तर माणूस छातीपर्यंत रुततो. प्यायचं पाणी नाही तिथं, टाकी कधीच फुटली. धूर काल नव्हता. परवाही नव्हता. आज पहाटेही बघितलं.

फोन? तुमच्या खात्याला किती वेळा फोन करायचा माणसानं?

ऊठ, ऊठ, इतका पांढरा पडू नकोस. तुमची यंत्राची बोट जाईल तिथवर जा, पुढे चिखल लागेल तिथं थांबा आणि हेलिकॉप्टर मागवा, वारशासाठी तेवढं करतील ते. मी? मी नाही येणार दाखवायला. डॉक्टरांच्या कराराची जागा, विनापरवाना पाय ठेवला तर मलाच धराल. आणि माझा भात आहे चुलीवर.

होडीची चिंता करू नकोस, शनिवारच्या आत मिळेल. सायप्रसचं लाकूड आहे ते. उन्हापाण्यात कितीही पडून राहिलं तरी कुजत नाही. जा आता. जाळीचं दार ओढून घे, माश्या येतात.